लाल मस्कडाइन चाखून ओळखायची कशी? नोबल आणि कॉनकॉर्डमध्ये अडकले आहे

मेधा_कॅरी

नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेजवळच्या कॅरी गावात राहते. आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातल्या एखाद्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. बाटल्या कागदी पिशव्यांत घातलेल्या असतात, पेल्यांना नुसते नंबर. चाखायचं, लिहायचं आणि मग पिशव्या काढायच्या. आतापर्यंत फ्रान्स, इटली, कॅलिफोर्निया असंच चाललं होतं. पुढच्या वेळी यजमानांनी विषय ठेवलाय, अमेरिकेतली द्राक्षं. चार लाल वाइन असणार एवढं सांगितलंय: नोबल जातीची मस्कडाइन (म्हणजे इथलंच, आग्नेय अमेरिकेतलं मूळचं रानटी द्राक्ष), कॉनकॉर्ड, नॉर्टन आणि शाम्बुर्सां. क्रम अर्थातच गुपित.

नॉर्टन आणि शाम्बुर्सां मला वेगळ्या काढता येतात. नॉर्टनचा रंग शाईसारखा गडद आणि आंबटपणा धारदार. शाम्बुर्सांला गडद चेरीची चव असते आणि ती फ्रेंच वाइनच्या बरीच जवळ जाते. प्रश्न उरलेल्या दोघींचा आहे. नोबल आणि कॉनकॉर्ड दोन्ही गोड, दोन्हींना तो भपकन येणारा फळाचा वास. पेला नाकाशी नेला की "अमेरिकन द्राक्ष" एवढं कळतं आणि गाडी तिथेच थांबते.

या दोघींत फरक करायची खात्रीची खूण कोणती? रंग, वास, चव, काहीही चालेल. पुस्तकी वर्णन नको, कुणी स्वतः शेजारी शेजारी ठेवून चाखलं असेल तर सांगा. सराव करायला अजून दोन आठवडे आहेत.

रोहन_पुणे

मी वाइनचा रीतसर कोर्स केलाय. तिथे सगळी मदार युरोपियन जातींवर असते, म्हणजे व्हिनिफेरावर. मस्कडाइन आमच्या पेल्यात कधी आलीच नाही. अशा वेळी मी "व्हिनिफेरा नाही" असं लिहून पुढे जातो. गोडी जास्त वाटली तर मस्कडाइन म्हणा, कमी वाटली तर कॉनकॉर्ड. यापेक्षा खोलात जाण्यासारखं त्यात काही असेल असं वाटत नाही.

संजना_पणजी

मेधा, कॉनकॉर्डसाठी एक उपाय सुचवते. गोव्याची गोड लाल पोर्ट वाइन कधी प्यायली असशील तर तिचा वास आठव. ती बहुतेक बंगळूर ब्लू द्राक्षांची असते आणि बंगळूर ब्लू हे कॉनकॉर्डच्याच गोतातलं, लॅब्रुस्का वंशाचं. अमेरिकेत बहिणीकडे गेले होते तेव्हा कॉनकॉर्डचा रस प्यायले आणि थेट आमच्या पोर्टचीच आठवण झाली. मस्कडाइन मी चाखलेली नाही, त्यामुळे अर्धंच उत्तर देते आहे. पण चार पेल्यांतला एक गोव्याचा निघाला तर कॉनकॉर्ड सापडली असं समज.

वेलवाला_विल्मिंग्टन

मेधाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बसून सविस्तर लिहायचं ठरवलं. मी मूळचा तासगावचा, लहानपण द्राक्षबागेत गेलं. आता विल्मिंग्टनच्या उत्तरेला राहतो, घरामागे तारेवर नोबलचे वेल चढवलेत आणि दर वर्षी घरापुरती वाइन करतो. या द्राक्षावर माझा जीव आहे, म्हणून आधी रोहन यांना नम्रपणे सांगतो की "व्हिनिफेरा नाही" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आंबा ओळखायला सांगितला तर "सफरचंद नाही" म्हणून कुणी सुटत नाही. मस्कडाइनला तिची स्वतःची ओळख आहे आणि नाक तयार केलं की ती सापडते.

आणि गोडीवर तर मुळीच जाऊ नका. नोबलच्या मण्यात साखर कमी असते, तोडणीला बहुधा १४ ते १६ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी). एवढ्यात १२ टक्के अल्कोहोल बसत नाही, त्याला २१-२२ ब्रिक्स लागते, म्हणून रसात साखर घालावीच लागते. वाइन तयार झाल्यावर ती पुन्हा गोड करायची की नाही हे बनवणारा ठरवतो. पूर्व कॅरोलिनात लोकांना गोड आवडते म्हणून बाजारात गोड दिसते, इतकंच. कॉनकॉर्डचंही तेच. जिभेला लागणारी गोडी द्राक्षाची नसते, बनवणाऱ्याच्या हातची असते. मी स्वतः नोबल कोरडी ठेवतो आणि ती तितकीच मस्कडाइन लागते.

आता वास, कारण निकाल तिथेच लागतो.

कॉनकॉर्डच्या वासाचा मुख्य धनी मिथाइल अँथ्रानिलेट नावाचा पदार्थ. अमेरिकेत जांभळ्या रंगाचा सोडा, गोळ्या, च्युइंगम, ज्याला ज्याला "ग्रेप फ्लेवर" म्हणतात त्यात हाच घालतात. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात इफ्रेम बुल यांनी १८४९ मध्ये हे द्राक्ष काढलं, पुढे वेल्च मंडळींनी त्याचा रस घरोघरी पोचवला आणि इथल्या माणसाच्या डोक्यात द्राक्षाचा वास म्हणजे हाच, असं पक्कं झालं. संजनाताईंनी गोव्याच्या पोर्टचं सांगितलं ते अगदी बरोबर. आपल्याकडच्या माणसाला कॉनकॉर्ड शिकवायची झाली तर त्याहून जवळचा रस्ता नाही. हा वास वरवरचा, टोकदार आणि एकसुरी असतो. पेला नाकापासून वीतभर लांब असतानाच येतो.

नोबलचा वास तसा नाही. त्यात तीन पदर आहेत आणि ते एकामागून एक येतात. पहिला स्ट्रॉबेरीचा, पण ताज्या फळाचा नव्हे, शिजलेल्या. महाबळेश्वरला जॅमच्या कढईपाशी उभं राहिल्यावर साखर कडेला किंचित करपायला लागते तेव्हा जो वास सुटतो, तो. याला कारण फ्युरेनिऑल नावाचा पदार्थ. ते थोडं असलं की स्ट्रॉबेरी वाटतं, जास्त झालं की कॅरॅमल. दुसरा पदर गुलाबाचा. तो २-फिनाइलएथेनॉलचा, जे खुद्द गुलाबातही असतं. आंबवताना यीस्टही ते थोडंफार तयार करतं, त्यामुळे ते कुठल्याही वाइनमध्ये सापडेल, पण मस्कडाइनमध्ये नाकाला स्पष्ट कळावं इतकं असतं. तिसरा पदर सगळ्यांत खाली, कस्तुरीच्या जातीचा, थोडासा डांबराच्या गोळ्यांकडे झुकणारा. तो ऑर्थो-अमिनोअसेटोफेनोनचा. गंमत अशी की हाच पदार्थ युरोपातल्या पांढऱ्या वाइनमध्ये, विशेषतः रीसलिंगमध्ये, उतरला तर तिथले लोक तो दोष धरतात आणि वाइन वेळेआधी म्हातारी झाली म्हणतात. मस्कडाइनमध्ये तो मुळात फळातच आहे. दोष म्हणून त्याच्याकडे पाहू नका, खूण म्हणून पाहा.

हा तिसरा पदर थोडाफार कॉनकॉर्डमध्येही असतो, म्हणून फक्त "कस्तुरीसारखा वास आला" एवढ्यावर नोबल लिहू नका. बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. जॅम आणि गुलाब दोन्ही सापडले, आणि ग्रेप सोड्याची टोकदार झुळूक सापडली नाही, की मग लिहा.

रंगावरून खात्री करून घेता येते. पांढरा कागद टेबलावर ठेवा, पेल्यात दोन बोटं वाइन घ्या आणि पेला कागदावर आडवा करा. मध्यभागाकडे बघू नका, काठाकडे बघा, जिथे वाइन पातळ होत काचेला भिडते तिथे. ताजी नोबल काठालाही जांभळट लाल असते. पण वर्ष-दोन वर्षांची झाली की काठ विटकरी होतो आणि त्याच वयाच्या इतर लाल वाइनपेक्षा लवकर होतो. याचं कारण रंगद्रव्यात आहे. व्हिनिफेराच्या अँथोसायनिनला, म्हणजे सालीतल्या लाल-जांभळ्या रंगाला, साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो, मस्कडाइनच्या अँथोसायनिनला दोन. दोन रेणूवाला रंग टॅनिनशी सहज जोडला जात नाही, त्यामुळे तो टिकत नाही, तपकिरी पडतो. लाल मस्कडाइनमध्ये नोबलचा रंग त्यातल्या त्यात चांगला टिकतो, कारण तिच्यात मालव्हिडिन या टिकाऊ रंगद्रव्याचं प्रमाण बरं आहे. वाइनसाठी नोबल पुढे आली त्यात या रंगाचा मोठा वाटा. थॉमस आणि टारहील या दोन मस्कडाइन जातींचा हा संकर, १९७० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातच लागवडीला आला.

म्हणून बाटलीवरचं साल कळलं तर रंगाचा पुरावा वजनदार होतो. साल कळलं नाही तर रंगावर फार भिस्त ठेवू नका.

चवीत एक गोष्ट बघा. घोट गिळल्यावर गालांच्या आतल्या बाजूला नव्हे, तर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो का? मस्कडाइनची साल जाड आणि बिया मोठ्या, सालीसकट आंबवताना दोन्हीकडून कडवटपणा उतरतो. गोड बाटलीत तो झाकला जातो, पण गिळल्यावर थोडं थांबलं की वर येतो. कॉनकॉर्ड त्या मानाने गिळली की संपते. पेल्याच्या तळाशी बारीक फिकट गाळ दिसला तर तोही मस्कडाइनच्या बाजूचा पुरावा. या द्राक्षात एलॅजिक ॲसिड भरपूर, ते बाटलीत सावकाश खाली बसतं. नीट गाळलेल्या बाटलीत मात्र दिसेलच असं नाही.

आता सराव. घरच्या कुणाला तरी सांगा की तीन पेले भर, दोनमध्ये एक वाइन आणि एकात दुसरी, आणि मला सांगू नकोस. तुम्ही वेगळा पेला शोधायचा. नुसता अंदाज मारला तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही, पुन्हा पुन्हा करा. कधी दोन नोबल आणि एक कॉनकॉर्ड, कधी उलट. आणि एक फेरी डोळे मिटून करा, म्हणजे रंग मदतीला येणार नाही.

मेधा_कॅरी

काका, तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना? इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री नवऱ्याने तीन पेल्यांचा खेळ लावला. कढईतल्या जॅमचा वास पहिल्याच फेरीत सापडला आणि तो एकदा सापडला की मग डोक्यातून जात नाही. गुलाब मात्र अजून धूसर आहे.

दोन शंका. एक, इथे सगळीकडे स्कपरनॉन्ग, स्कपरनॉन्ग ऐकू येतं. ती आणि नोबल एकच का? आणि दोन, यजमानांनी नोबलच आणली असेल कशावरून? दुसरी एखादी लाल मस्कडाइन असली तर?

वेलवाला_विल्मिंग्टन

काका म्हणा, आनंदच आहे.

स्कपरनॉन्ग हेही मस्कडाइनच, पण कांस्य रंगाचं. त्याची वाइन पांढरी, सोनेरीकडे झुकणारी. तुमच्या चार लाल पेल्यांत ते येणार नाही. रोनोक बेटावर मँटिओ गावात एक जुना वेल आहे, सुमारे ४०० वर्षांचा मानतात, तो स्कपरनॉन्गचाच. इटालियन दर्यावर्दी वेराझानो १५२४ मध्ये या किनाऱ्यावर आला तेव्हाही त्याने इथल्या रानवेलींची नोंद केली होती. २००१ पासून स्कपरनॉन्ग हे या राज्याचं अधिकृत फळ आहे. म्हणून नाव सगळीकडे ऐकू येतं.

दुसरी शंका रास्त आहे. लाल मस्कडाइनच्या जाती पुष्कळ, पण बऱ्याचशा खायच्या, मोठ्या मण्यांच्या. वाइनसाठी लावलेली काळी मस्कडाइन बहुतांशी नोबल. तेव्हा मस्कडाइन आहे आणि लाल आहे एवढं पक्कं झालं की नोबल लिहायला हरकत नाही. फक्त एक सावधगिरी. काही बाटल्यांत लाल मस्कडाइनबरोबर कार्लोस किंवा मॅग्नोलिया, म्हणजे कांस्य रंगाच्या जाती मिसळलेल्या असतात. पेला गुलाबीकडे झुकलेला, फिका वाटला आणि वास मात्र मस्कडाइनचाच आला तर "मिश्रण असावं" असं शेजारी लिहा.

गुलाबाचं सांगतो. वाइन थंड असली की तो येत नाही. गोड लाल वाइन इथे फ्रिजमधून काढून थेट ओततात, त्यात गुलाब आणि कस्तुरी दोन्ही दबतात. बाटली बाहेर काढून ठेवा, १८ अंशांच्या आसपास आली की पेला हाताच्या ओंजळीत धरून हुंगा.

शिवाय खरी ओळख हवी असेल तर द्राक्ष हातात घ्या. ऑगस्टअखेरपासून इथल्या बागांत स्वतः तोडून न्यायची सोय असते. आपल्याकडे घड कापतो तसा इथे कापत नाहीत. मणी एकेक करून पिकतो आणि पिकला की आपोआप गळतो, खाली चादर अंथरून वेल हलवायची जुनी रीत आहे. काळा मणी घ्या. देठाची जागा ओठांकडे करून दोन बोटांनी दाबा. साल फाटत नाही, देठाच्या भोकातून गर बुळकन तोंडात येतो, आत चारेक टणक बिया. तो बाजूला ठेवा. हातात जी रिकामी साल राहिली ती मधोमध मोडा, आतली बाजू नाकाशी धरा आणि जोरात चुरा. जॅम, गुलाब, कस्तुरी, तिन्ही एकदम येतात, आणि गरापेक्षा सालीत त्या जास्त भरतात. एकदा ही साल हुंगली की पेल्यात काय शोधायचं ते नाकाला कळतं.

निफाडचा_बागायतदार

रामराम. धागा वाइनचा आहे, पण काकांना बागेचं विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सगळ्या बागा डॉगरिजवर कलम केलेल्या. तोही अमेरिकेचाच जंगली वेल, टेक्सासकडचा. मग त्या खुंटाचा वास आमच्या द्राक्षाला का लागत नाही? आणि दुसरं, तुमच्या मस्कडाइनवर डावणी, भुरी हे बुरशीचे रोग येतात का? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की आमचं निम्मं आयुष्य फवारणीत जातं.

वेलवाला_विल्मिंग्टन

रामराम! तुमचा प्रश्न वाचून तासगावची सकाळ आठवली, पाठीवर पंप आणि हातात नळी.

खुंट पाणी आणि अन्न वर पाठवतो, क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. मण्यातला वास तयार होतो तो वरच्या जातीच्या मण्यातच, तिच्या स्वतःच्या गुणसूत्रांप्रमाणे. म्हणून डॉगरिजवरच्या थॉमसन द्राक्षाला अमेरिकन वास येत नाही. मस्कडाइनचा खुंट मात्र तुम्हाला सहजी वापरता येणार नाही. तिची गुणसूत्रं ४०, आपल्या द्राक्षांची ३८. कलम नीट जुळत नाही आणि संकरही फार कष्टाने होतो.

डावणी आणि भुरी, दोन्हींना ती चांगलं तोंड देते. शिवाय इथला पिअर्स रोग, जो किनारपट्टीवर युरोपियन वेल टिकू देत नाही, तोही ती सोसते. मी वर्षभरात फारच थोडी फवारणी करतो. फ्रान्समध्ये आलँ बुके नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात मस्कडाइनचे हे रोगप्रतिकारक जनुक युरोपियन द्राक्षात आणायचं काम हाती घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या उलट संकर करत त्यातून पुढे आर्ताबान आणि व्हिडॉक या लाल जाती निघाल्या, २०१८ मध्ये तिथे अधिकृत झाल्या. त्यांच्यात मस्कडाइनचं रोगाशी लढायचं बळ आलं, वास मात्र मागे राहिला. तुमच्यासाठी खरी आशा त्या वाटेवर आहे असं मला मनापासून वाटतं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात कधी गेलात तर रोगप्रतिकारक जातींवर काय चाललंय ते जरूर विचारा.

रोहन_पुणे

काका, सालीचा आणि गराचा फरक वाचून विचार करतोय. एक विचारतो. प्रयोगशाळेत तो दोन रेणूवाला रंग मोजून नोबल सिद्ध करता येईल का?

वेलवाला_विल्मिंग्टन

व्हिनिफेरा नाही हे सिद्ध करता येईल. युरोपात संकरित द्राक्षांची भेसळ पकडायला हीच चाचणी वापरत आले आहेत, आणि ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची मर्यादा लिटरला १५ मिलिग्रॅम मालव्हिडिन डायग्लुकोसाइड, म्हणजे तोच दोन रेणूवाला रंग, अशी आहे. पण हा रंग अमेरिकेतल्या इतर रानटी जातींत आणि त्यांच्या संकरांतही असतो. तेव्हा चाचणी तुम्हाला तुमच्याच जुन्या उत्तरापर्यंत आणून सोडेल, आणि तिथून पुढे नाकच लागेल.

मेधाताई, त्या शनिवारी एक करा. चारही पेले आधी नुसते हुंगून घ्या, घोट एकाचाही घेऊ नका. नॉर्टनचा आंबटपणा एकदा जिभेवर बसला की नंतरच्या पेल्यांचा कडवटपणा कळत नाही. ग्रेप सोडा कुठे आहे तो आधी शोधा आणि तो पेला बाजूला सारा. उरलेल्या तिघांत जॅम शोधा. मग चाखायला सुरुवात करा, नॉर्टन वाटते तो पेला सगळ्यांत शेवटी. आणि यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की बाटल्या फ्रिजमधून दोन-तीन तास आधी काढा.